घड्याळ मागे ठेवून आलेले मासिक : अमेरिकी ‘शोनेन जंप’ची सव्वानऊ वर्षे



नियतकालिके बंद पडण्याची कारणे आपल्याला साधारण पाठ असतात. वर्गणीदार आटतात, कागद महागतो, संपादक थकतो, क्वचित सरकारची वक्रदृष्टी होते. सान फ्रान्सिस्कोहून निघणाऱ्या ‘शोनेन जंप’ या इंग्रजी मंगा मासिकाचा शेवटचा छापील अंक एप्रिल २०१२ चा. त्याच्या बाबतीत ही नेहमीची यादी अपुरी पडते. ज्या कथा ते छापत होते, त्यांचे इंग्रजी वाचक मासिकाच्या जन्मकाळापेक्षा तोवर कितीतरी वाढले होते. वाचक वाढत गेले आणि मासिक संपले, हे कसे घडले? मी सध्या एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिकांवर प्रबंधिका लिहिते आहे; तरीही, किंवा त्यामुळेच, हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

आधी जपानमध्ये जाऊ. कारण अमेरिकेत नेमके काय पोहोचले नाही, हे मूळ वस्तू पाहिल्याखेरीज कळणार नाही.

शूएइशा या प्रकाशनसंस्थेने १९६८ साली ‘शोनेन जंप’ सुरू केले. ‘शोनेन’ म्हणजे किशोरवयीन मुलगा. आरंभी पाक्षिक असलेले हे नियतकालिक पुढच्याच वर्षी साप्ताहिक झाले. चारशेहून अधिक पाने, हलका खरखरीत कागद, रंगाचे काम नावापुरते, आणि एकाच अंकात वीसेक क्रमशः कथा. प्रत्येक कथेचे आठवड्याला एकोणीस-वीस पानांचे प्रकरण. मुले हा अंक आगगाडीत वाचत, मित्राला देत, नाही तर रद्दीत टाकत. अंक जपून ठेवण्यासाठी नव्हताच. आवडलेल्या मालिकेची प्रकरणे पुढे एकत्र करून लहान आकाराचे खंड निघत आणि जपले जात ते खंड.

या यंत्राचा खरा आत्मा मात्र अंकातल्या एका पोस्टकार्डात होता. आवडलेल्या तीन मालिका कोणत्या, हे वाचकाने त्यावर कळवायचे. कार्डांची मोजणी होई आणि ज्या मालिकेला सतत कमी मते पडत, ती दहाएक आठवड्यांतच गुंडाळली जाई. चित्रकार नवखा असो वा नावाजलेला, हा पट्टा सर्वांच्या डोक्यावर फिरे. निर्दय पद्धत होती, यात शंका नाही. चित्रकारांच्या तब्येतीची तिने जी दैना केली, त्यावर स्वतंत्र धागा होईल. पण तिच्यामुळे वाचक आणि कथा एकाच आठवड्यात श्वास घेत. आज वाचलेल्या प्रकरणावर आज मत दिले, तर त्याचे पडसाद पुढच्या काही अंकांत उमटत. १९९४ च्या अखेरीस या साप्ताहिकाने ६५ लाख ३० हजार प्रतींचा विक्रम केला. हा आकडा एका आठवड्याचा आहे, हे पुन्हा वाचावे.

म्हणून माझ्या लेखी ‘जंप’ हे आधी घड्याळ आहे आणि मग कथासंग्रह.

आता अमेरिका. सेइजी होरिबुची यांनी शोगाकुकान या जपानी प्रकाशकाच्या पाठबळावर १९८६ मध्ये सान फ्रान्सिस्कोत ‘व्हिझ’ ही संस्था काढली. १९८७ मध्ये एक्लिप्स कॉमिक्सच्या सोबतीने त्यांनी तीन मालिका बाजारात आणल्या. त्या छापल्या गेल्या अमेरिकी कॉमिकच्या साच्यात : बत्तीसेक पानांचा पातळ अंक, एका अंकात एकच कथा, विक्री मुख्यतः कॉमिकच्या खास दुकानांत. जपानी कथा उजवीकडून डावीकडे वाचायच्या असल्याने चित्रे आरशातल्याप्रमाणे उलटी करून छापत. त्यातून गमतीजमती होत. सारे सामुराई डावखुरे होत. किमोनोची डावी बाजू वर ठेवून तो नेसायचा असतो, उजवी बाजू वर येते ती केवळ प्रेताला नेसवताना. उलट्या छपाईत जिवंत माणसे प्रेतवस्त्रात हिंडू लागत. अमेरिकी वाचकाला हे कळण्याचे कारण नव्हते. चित्रकारांना मात्र ते टोचत असणार.

क्रमशः कथांचे जाड मासिक काढण्याचे प्रयत्न नव्वदच्या दशकात झाले. ‘मंगा व्हिझन’ १९९५ मध्ये आले आणि तीन वर्षे चालले. १९९७ मध्ये ‘पल्प’ आले, ते प्रौढांसाठी. जुन्जी इतोंची ‘उझुमाकी’ ही भयकथा इंग्रजीत प्रथम त्यातूनच क्रमशः आली. त्याच वर्षी ‘मिक्सझीन’ आले आणि त्याने विलक्षण प्रयोग केला. लहान मुलींची लाडकी ‘सेलर मून’ आणि माणसांच्या मेंदूत शिरणाऱ्या परजीवींची रक्तरंजित ‘पॅरासाइट’ या दोन्ही मालिका त्याने एकाच मुखपृष्ठाआड बसवल्या. बालमित्र आणि भयकथा-विशेषांक एकत्र बांधल्यासारखा हा प्रकार होता. अखेर ‘सेलर मून’ची रवानगी ‘स्माइल’ नावाच्या दुसऱ्या मासिकात झाली. जपानमध्ये वाचक वयाने आणि लिंगाने कसोशीने विभागलेला असतो. अमेरिकेत तेव्हा ‘मंगा वाचणारा’ अशी एकच अंधूक प्रतिमा प्रकाशकांपुढे होती. त्या अंधूकपणाचा हा पुरावा म्हणून मला ‘मिक्सझीन’ फार मोलाचे वाटते.

२००२ मध्ये दोन घटना एकत्र आल्या. शूएइशाने व्हिझमध्ये भांडवल घातले. (शूएइशा मुळात शोगाकुकानचीच शाखा, विसाव्या दशकात वेगळी झालेली. म्हणजे घरातल्याच दुसऱ्या भावाने दुकानात पैसे घातले.) आणि त्याच वर्षी ‘पल्प’ बंद झाले. प्रौढ वाचकाचा नाद सोडून आता मुलांकडे वळायचे, असा हा कौल होता.

नोव्हेंबर २००२ मध्ये, जानेवारी २००३ अशी तारीख मिरवत, ‘शोनेन जंप’चा पहिला इंग्रजी अंक आला. किंमत ४.९५ डॉलर. एका कथेचा पातळ रंगीत अंक तेव्हा दोन-अडीच डॉलरांना मिळत असताना, दुप्पट किमतीत कितीतरी पट पाने! आत अकिरा तोरियामांची ‘ड्रॅगन बॉल झी’ आणि ‘सँड लँड’, काझुकी ताकाहाशींची ‘यू-गी-ओ!’, योशिहिरो तोगाशींची ‘यू यू हाकुशो’ आणि एईचिरो ओडांची ‘वन पीस’. पुढच्या अंकापासून मासाशी किशिमोतोंची ‘नारुतो’. चित्रे न उलटता, मूळ उजवीकडून डावीकडेच छापली होती. आपल्याकडे ज्यांच्या घरी उर्दू वर्तमानपत्र येते, त्यांना यात नवल वाटणार नाही. अमेरिकी मुलांसाठी मात्र मासिकाच्या ‘चुकीच्या’ टोकाला सूचना छापावी लागे की, अंक उलटा धरला आहे, तो दुसऱ्या बाजूने उघडावा.

आणि आत एक कार्ड होते. जपानी अंकातले मतदानाचे कार्ड नव्हे, ‘यू-गी-ओ!’ या पत्त्यांच्या खेळातले ‘ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगन’ हे कार्ड. शाळेच्या मधल्या सुट्टीत ज्याच्यासाठी भांडणे होत, ते पाच डॉलरांच्या आत मिळते म्हटल्यावर मुले वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर आणि पुस्तकांच्या दुकानांत धावली. पहिला अंक पुन्हा छापावा लागला. अडीच लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्या काळच्या अमेरिकी कॉमिकव्यवसायात हा आकडा डोळे विस्फारणारा होता.

या यशाची कारणे शोधताना कार्ड आणि दूरचित्रवाणी यांवर सारे श्रेय ढकलण्याची पद्धत आहे. ते निम्मेच खरे. ‘ड्रॅगन बॉल झी’, ‘यू यू हाकुशो’ आणि ‘यू-गी-ओ!’ तेव्हा अमेरिकी दूरचित्रवाणीवर चालू होत्या, हे मान्य. पण ‘वन पीस’ तिथे पडद्यावर आली २००४ मध्ये आणि ‘नारुतो’ सप्टेंबर २००५ मध्ये. म्हणजे ‘नारुतो’चा अमेरिकी वाचक आधी कागदावर तयार झाला आणि पडदा अडीच वर्षांनी त्याच्यामागून आला. ही कामगिरी मासिकाची.

इथे मला एक मराठी शब्द फार उपयोगी पडतो : पंगत. पंगतीत बसलेल्याने जिलबीसाठी हजेरी लावलेली असते. पण पानात चटणी, कोशिंबीर, अळूची भाजीही पडते आणि वाढपी पुढे सरकेपर्यंत माणूस नकळत तीही खातो. क्रमशः कथांचे मासिक म्हणजे अशी पंगत. याचे उत्तम उदाहरण ‘हिकारू नो गो’. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या ‘गो’ या प्राचीन पटखेळावरची ही मालिका. ना मारामारी, ना राक्षस. दोन मुले पटापुढे गुडघे टेकून बसली आहेत आणि पानामागून पान चालले आहे. तिची जाहिरात करून अमेरिकेतल्या दहा वर्षांच्या मुलाला पुस्तक विकता येणे जवळजवळ अशक्य. पण ती ‘यू-गी-ओ!’ आणि ‘नारुतो’ यांच्या मध्ये छापली गेली, आणि ड्रॅगनच्या कार्डासाठी अंक घेतलेली मुले ती वाचू लागली. पुढे त्यांतली काही खरोखरच गोचा पट मांडून बसली.

याच सुमारास झालेला दुसरा प्रयोग इतिहासात जवळजवळ विसरला गेला आहे. माझा मात्र त्याच्यावर विशेष जीव आहे. नोबुहिको होरिए हे जपानी ‘जंप’ने विक्रम केला त्या काळातले त्याचे मुख्य संपादक. ते शूएइशातून बाहेर पडले, काही नामवंत चित्रकारांना सोबत घेऊन त्यांनी ‘कोअॅमिक्स’ ही संस्था काढली, आणि तिच्या ‘गटसून’ या अमेरिकी शाखेने २००२ च्या अखेरीस ‘राइजिन कॉमिक्स’ आणले. ते होते साप्ताहिक! म्हणजे जो माणूस घड्याळ चालवत आला होता, त्याला ते घड्याळच अमेरिकेत न्यायचे होते. ‘सिटी हंटर’, ‘स्लॅम डंक’ अशा तगड्या मालिका हाताशी होत्या. तरी दर आठवड्याला जवळजवळ पाच डॉलर कोणते मूल देणार? दर आठवड्याला हा अंक मांडून जुना परत पाठवायला कोणता दुकानदार तयार होणार? जपानमध्ये स्थानकाच्या फलाटावर, कोपऱ्यावरच्या दुकानात, सर्वत्र अंक मिळतो आणि मूल पायी किंवा रेल्वेने तिथे पोहोचते. अमेरिकी उपनगरातले मूल आईच्या गाडीतून महिन्यातून एक-दोनदा पुस्तकांच्या मोठ्या दुकानात जाते. २००३ मध्येच ‘राइजिन’ला मासिक व्हावे लागले आणि २००४ मध्ये ते मिटले. त्यातली ‘स्लॅम डंक’ काही वर्षांनी फिरून ‘शोनेन जंप’मध्येच आली.

व्हिझने मासिक काढले हा व्यवहाराचा शहाणपणा होता. पण त्या शहाणपणातच पुढची अडचण दडलेली होती. हिशेब करून पाहा. जपानी साप्ताहिकात ‘नारुतो’ची वर्षाला पन्नासेक प्रकरणे येत. महिन्याला दोन-तीन प्रकरणे छापली, तर वर्षाला पंचवीस-तीस होतात. त्यातही ‘नारुतो’ जपानमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेली, अमेरिकेत २००३ मध्ये. आरंभीच तीन वर्षांचे अंतर आणि ते दर महिन्याला वाढणारे! मासिक जितके नियमित निघेल, तितके ते मागे पडत जाईल, असे हे गणित होते.

पहिली काही वर्षे याचा त्रास झाला नाही. वाचकाला जपानमध्ये काय चालले आहे, हे ठाऊकच नव्हते. २००५ मध्ये व्हिझने मुलींसाठी ‘शोजो बीट’ हे जोडमासिक काढले. आइ याझावांची ‘नाना’ त्यात होती. पुस्तकांच्या दुकानांत मंगाच्या खंडांसाठी लांबच लांब मांडण्या लागल्या आणि मुले त्यांच्यापुढे फरशीवर बैठक मारून वाचू लागली. २००७ हे वर्ष अमेरिकी मंगाविक्रीचे तोवरचे शिखर मानले जाते.

त्याच शिखरावरून मासिकाची घसरण सुरू झाली, असे मी मानते. महाजालावर हौशी मंडळींचे गट जपानी अंक हाती येताच त्याची पाने स्कॅन करत, संवाद पुसून इंग्रजी भरत आणि दोन-तीन दिवसांत फुकट टाकत. याला ‘स्कॅनलेशन’ म्हणतात. हे गट नव्वदच्या दशकापासून होते. पण मुळात ते इंग्रजीत न आलेल्या मालिकांवर काम करत आणि अधिकृत आवृत्ती निघाली की पुष्कळदा थांबत. ‘नारुतो’ आणि ‘वन पीस’च्या बाबतीत हा संकेत टिकला नाही, कारण अधिकृत आवृत्ती निघालेली असली तरी ती कित्येक वर्षे मागे होती. आता वाचकाला टोक्योची वेळ कळली होती. आणि एकदा खरी वेळ कळल्यावर मागे पडलेले घड्याळ भिंतीवर कोण ठेवतो?

व्हिझने उत्तर दिले ते वेगाने, पण वेग वाढवला खंडांचा. सप्टेंबर ते डिसेंबर २००७ या चार महिन्यांत दरमहा तीन याप्रमाणे ‘नारुतो’चे बारा खंड, सोळापासून सत्तावीसपर्यंत, बाजारात ओतले. २०१० च्या पहिल्या सहामाहीत ‘वन पीस’चे दरमहा पाच खंड काढले. जपानशी अंतर घटले, विक्री झाली. पण मासिकाचे काय? ‘नारुतो’चे खंड मासिकाच्या पुढे निघून गेले, तेव्हा मासिकाला मधली प्रकरणे गाळून पुढच्या कथाभागावर उडी घ्यावी लागली. संपादकीय सूचना काहीही असो, वाचकाने त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला : सलग कथा हवी असेल तर खंड घ्या, ताजी हवी असेल तर संगणक उघडा. मासिक ना सलग राहिले, ना ताजे.

माझ्या मते मासिकाचे मरण इथेच ठरले. नंतरच्या घटना म्हणजे अंत्ययात्रेची तयारी. २००८ ची मंदी आली. ‘शोजो बीट’ २००९ च्या उन्हाळ्यात थांबले. ‘येन प्रेस’चे ‘येन प्लस’ हे प्रतिस्पर्धी मासिक २००८ मध्ये आले होते. दोन वर्षांत त्याने छपाई सोडली. जून २०१० मध्ये छत्तीस जपानी प्रकाशक आणि काही अमेरिकी संस्था स्कॅनलेशनविरुद्ध एकत्र आल्या आणि ‘वनमंगा’ हे मोठे संकेतस्थळ पुढच्याच महिन्यात झुकले. त्या वर्षी गूगलने काढलेल्या सर्वाधिक भेटींच्या हजार संकेतस्थळांच्या यादीत हे नाव होते. एखाद्या प्रकाशनव्यवसायाच्या छायेत केवढी प्रतिसृष्टी उभी राहिली होती, याची त्यावरून कल्पना यावी. २०११ मध्ये ‘बॉर्डर्स’ ही ग्रंथविक्रेत्यांची साखळी दिवाळखोरीत जाऊन बंद पडली. ज्या फरशीवर बसून मुलांनी मंगा वाचला, त्यातली पुष्कळशी फरशी तिची होती.

वाचक-संख्येचा मुद्दा इथे पुन्हा पाहू. ‘शोनेन जंप’चा खप २००८ मध्येही दोन लाखांच्या वर होता. हे मासिक वाचकांनी टाकले म्हणून पडले, असे म्हणणारे लेख मी वाचले आहेत. मला ते पटत नाही. त्याने ज्यांना मंगा वाचायला शिकवले, तेच वाचक त्याच्यापेक्षा वेगाने चालू लागले. शिक्षकी पेशात हे यश मानतात. प्रकाशनात त्याला तोटा म्हणतात.

३० जानेवारी २०१२ रोजी व्हिझने ‘वीकली शोनेन जंप अल्फा’ हे केवळ डिजिटल साप्ताहिक सुरू केले. जपानपेक्षा दोन आठवडे मागे. छापील मासिक दोन-तीन महिन्यांतच थांबले. जानेवारी २०१३ पासून ते दोन आठवडेही गळाले आणि जपानी व इंग्रजी प्रकरणे एकाच वेळी येऊ लागली. म्हणजे जे घड्याळ २००२ मध्ये मागे राहिले होते, ते दहा वर्षांनी अमेरिकेत पोहोचले. होरिएंना साप्ताहिक काढायचे होते, ते चूक नव्हते; त्यांना हवा असलेला फलाट तेव्हा बांधलेला नव्हता.

आता आपल्याकडे येऊ, कारण या कथेचा एक धागा इथवर येतो. डिसेंबर २०१८ मध्ये व्हिझने डिजिटल साप्ताहिकही मोडून नवी व्यवस्था आणली : ताजी तीन प्रकरणे फुकट, आणि दरमहा १.९९ डॉलरमध्ये जुन्या प्रकरणांचे सारे भांडार. ज्या मोजक्या देशांना ती पहिल्या दिवसापासून मिळाली, त्यांत भारत होता. पुढच्याच महिन्यात शूएइशाने ‘मंगा प्लस’ आणले. आज नगरच्या वसतिगृहातला मुलगा आणि ओसाकातला मुलगा ‘वन पीस’चे प्रकरण एकाच वेळी वाचतात. माझ्या पिढीला या गोष्टीचे अप्रूप उरलेले नाही. पण विचार केला तर हे अद्भुत आहे. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी छापील इंग्रजी ‘शोनेन जंप’ मात्र पाहिलेलेही नाही.

मी पाहिले आहे, दोन अंक. पुण्यात रद्दीच्या पुस्तकांच्या एका दुकानात, घराच्या सजावटीवरच्या परदेशी मासिकांच्या गठ्ठ्यात ते सापडले. दोन्हींतली कार्डे आधीच कोणीतरी काढून घेतली होती. एका अंकात तर कार्डाच्या जागी गोंदाचा पिवळा चौकोन तेवढा उरला होता. मी अर्थातच आधी कथा वाचायला घेतल्या आणि मग माझ्या लक्षात आले की, कथा तर मी वाचलेल्याच आहेत. नवे आहे ते बाकीचे सारे. व्हिडिओ गेमच्या जाहिराती. वाचकांनी पाठवलेली चित्रे, त्यांखाली वय आणि राज्याचे नाव. वर्गणीचा कापून पाठवायचा तुकडा. आणि ‘वन पीस’मधल्या तलवारबाजाचे नाव, ‘झोरो’ऐवजी ‘झोलो’. हा बदल व्हिझच्या खंडांतही होता. हे सारे पाहताना त्या काळचा एक अनोळखी बारा वर्षांचा वाचक मला दिसू लागला : त्याला काय विकले जात होते, कशाची भीती त्याच्यापासून दूर ठेवली जात होती, तो स्वतःला कसा रेखाटत होता.

माझ्या प्रबंधिकेशी याचा संबंध हा. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’मधून क्रमशः आल्या. आपण त्या आज पुस्तकरूपात वाचतो आणि त्यांची चिरेबंद रचना वाखाणतो. पण त्या आठवड्याला, त्या पानावर, शेजारी काय छापले होते? वाचक कुठे थांबून सात दिवस वाट पाहत होता? याचा शोध घेताना मी एका ग्रंथालयात जुन्या नियतकालिकांच्या बांधीव फायली उघडते, तेव्हा पुष्कळदा दिसते की, बांधणी करताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकलेली आहेत. कोणा सद्भावी माणसाने ‘मजकूर’ तेवढा जपला. अमेरिकी ‘शोनेन जंप’चेही तेच होणार, ही मला धास्ती वाटते. ‘नारुतो’चे खंड शंभर वर्षे टिकतील, अमेरिकी मुलाने ती कथा कोणाच्या शेजारी, किती थांबून, कोणत्या जाहिरातीवरून नजर फिरवत वाचली, हे फक्त त्या मासिकात आहे. डिजिटल साप्ताहिकाची अवस्था तर आणखी नाजूक. ‘अल्फा’चा सुटा अंक सुरुवातीला ९९ सेंटला चार आठवड्यांपुरता भाड्याने मिळे. चार आठवडे संपले की अंक जाई. रद्दीच्या दुकानात तो कधीच सापडणार नाही.

आणि पंगत? ती मोडली. अॅप उघडल्यावर प्रत्येकाला हवे ते ताट स्वतंत्र मिळते. मी स्वतः दर आठवड्याला तीन मालिका उघडते आणि उरलेल्यांची नावेही मला नीट सांगता येणार नाहीत. जपानी साप्ताहिकात त्या तीनही मालिका वीसेक कथांच्या गर्दीत छापल्या जातात आणि त्यांचे भवितव्य शेजारणींशी स्पर्धा करत ठरते. माझ्यापर्यंत त्या एकेकट्या पोहोचतात. आज ‘हिकारू नो गो’ नव्याने आली असती, तर मी तिच्यावर बोट ठेवले असते का? ठेवले नसते, असाच माझा अंदाज आहे.

कोणाच्या घरी, अमेरिकेतून आलेल्या एखाद्या भावंडाच्या जुन्या खोक्यात, २००३ ते २०१२ मधले हे अंक असतील तर कृपया कळवा. मुखपृष्ठ फाटलेले असले तरी चालेल. जाहिरातींची पाने मात्र काढू नका, आणि कार्ड अजून चिकटलेले असेल तर ते तसेच राहू द्या. आधी छायाचित्र घेऊ.